एका गावाची पीडीएफ

रेणापूरकडचे एक बाबा एकदा माझ्या छपाईच्या दुकानात आले. त्यांचा मुलगा लातूरला क्लासला होता. येताना दुकानातून माझी पीडीएफ घेऊन या, असं त्यानं फोनवर सांगितलेलं. बाबांनी त्यासाठी मोठी नायलॉनची पिशवी आणली होती. ती काउंटरवर पसरून त्यांनी विचारलं, "लई जड असती का ओ, आपा?"

मी म्हणाले, "वाचणाऱ्याला जड जाते. उचलणाऱ्याला काही नाही."

मुलानं पाठवलेल्या फाइलची पानं छापून मी पिशवीत घालून दिली. बाबा समाधानानं गेले. त्यांच्या लेखी पीडीएफ म्हणजे पिशवीत मावणारी वस्तू होती. मला विचाराल तर माझ्या लेखीही तसंच आहे. हातात धरता येत नाही अशा वस्तूचं दुकान मी इतकी वर्षं चालवलंच नसतं.

माझं शिक्षण चौथी, नगरपालिकेच्या मराठी शाळेत. त्यानंतर अब्बांनी मला छापखान्यात नेलं. ते तिथं बाइंडिंग करायचे. लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळीत तो छापखाना होता आणि मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. मला वह्या शिवायला आणलं होतं, पण माझी बोटं बारीक म्हणून अण्णांनी खिळ्यांवर बसवलं. ज्यांनी खिळे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. खिळा म्हणजे शिशाचं एक अक्षर, आरशात दिसावं तसं उलटं. लाकडी केसमध्ये लहान लहान खण असायचे, एका खणात एकच अक्षर. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा त वेगळा. खिळे जुळवून ओळ, ओळींचं पान, आणि ते पान लोखंडी चौकटीत घालून चारी बाजूंनी आवळायचं. त्याला फर्मा म्हणत. आवळलेला फर्मा अण्णा एका बाजूनं उचलून बोटांनी दाबून बघायचे. एक खिळा जरी हलला तरी ओरडायचे, "हलायलंय! दिसत न्हाई का तुला, हे हलायलंय!" छापून झालं की फर्मा सोडून एकेक खिळा परत आपल्या खणात टाकायचा. आधी मी तेवढंच करायची, पुढे जुळवायलाही शिकले.

एक रिवाज होता. कच्चा कागद काढून गिऱ्हाइकाला दाखवायचा, त्यानं वाचून "छापावे" असं लिहून खाली सही करायची. सही झाली की अण्णा राजाचंही ऐकत नसत. एकदा एका लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नाव राहिलं. मामा स्वतः भांडायला आला. अण्णांनी त्याला त्याच्याच भाच्याची सही दाखवली आणि चहा पाजून परत पाठवलं.

त्या दिवसांची मला आठवण येते. रॉकेलनं धुतलेल्या शिशाचा वास, ट्रेडल मशीनचा खडखडाट, दुपारी फर्मा आवळायच्या दगडावरच उघडलेले डबे. फार सुखाचे दिवस होते असं नाही. बोटं कायमची काळी, आणि पगारवाढ मागितली की अण्णांना ऐकू कमी यायचं. पण केलेलं काम समोर दिसायचं, हाताला लागायचं.

भूकंपावर मी काही लिहिणार नाही. ज्यांनी किल्लारीकडं ढिगारे उपसले त्यांनी लिहावं. आमचं शहरातलं घर टिकलं. छापखान्यात मात्र केसची सगळी मांडणी आडवी झाली. उजाडल्यावर दार उघडलं तर फरशीवर घोट्यापर्यंत खिळ्यांचा थर, सगळी मराठी भाषा एकमेकांत कालवलेली. अण्णा उंबऱ्यावर बसले होते. मी सवयीनं खाली बसले आणि खिळे वेचायला लागले.

अण्णा म्हणाले, "राहू दे. तिकडं माणसं वेचायलेत."

ते खिळे पुन्हा कुणी लावलेच नाहीत. पुढे ते भंगारात वजनावर गेले आणि त्या जागी कॉम्प्युटर आला. लोकांना वाटतं, चौथी पास बाईला कॉम्प्युटर कसा जमला असेल. कीबोर्ड म्हणजे तरी काय, केसच की. कुठला खिळा कुठल्या खणात, एवढंच नव्यानं पाठ करायचं. ज्यांनी जिद्दीनं इंग्रजी शिकून घेतलं ते माझ्यापेक्षा हळू चालवायचे, कारण ते वाचत बसायचे.

कॉम्प्युटरची खोड वेगळी होती. आमची मराठी अक्षरं ज्या फॉन्टमधली, तो फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर नसला की फाइल तिथं उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतंच काही उमटायचं. एका क्लासच्या सरांचं पुस्तक आम्ही नांदेडच्या एका ऑफसेटला पाठवलं. तिथल्या मशीनवाल्याचा फोन आला, "आपा, ये तेलुगू का काम है क्या? इधर नक्को भेजो, देगलूर भेजो." सर माझ्या समोरच उभे होते. त्यांचा चेहरा बघून मी स्पीकर बंद केला. ते पुस्तक शेवटी छापील पानं बसच्या कंडक्टरच्या हाती देऊन पोचवावं लागलं.

मग पीडीएफ आली. कुणीतरी मला समजावून सांगायला लागलं, तेव्हा मी मध्येच म्हणाले, कळलं, हा आवळलेला फर्मा आहे. अक्षरं, चित्रं, रेघा, सगळं जिथं ठेवलं तिथं राहतं. फॉन्टसुद्धा आतच बांधून जातो. लातुरात उघडा, नांदेडला उघडा, माहूरच्या डोंगरावर उघडा, पान तेच. गिऱ्हाइकांना मी वेगळं सांगायची. साधी फाइल म्हणजे पीठ, पीडीएफ म्हणजे भाकरी. भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तेव्हा भाकरी कुणालाही द्या, पण पीठ जपून ठेवा. निम्मे लोक पीठ ठेवायचे नाहीत आणि मग भाकरी घेऊन रडत यायचे.

तोवर शहरात क्लासचा पूर आला होता. माझं स्वतःचं दुकान मी क्लासच्याच गल्लीत टाकलं. ज्या घरांत पूर्वी एक बिऱ्हाड राहायचं तिथं खोलीखोलीत पोरं, आणि काही पोरांच्या आया गाव सोडून फक्त डबा करायला येऊन राहिलेल्या. दर आठवड्याला परीक्षा, दर परीक्षेला पेपर. मी पाण्याचं सूत्र टाइप करायची तेव्हा दोनचा आकडा खाली कामून घालतात ते मला ठाऊक नव्हतं. तो खाली असतो एवढं ठाऊक होतं, आणि तो कधी वर गेला नाही. एका सरांना भीती की त्यांच्या नोट्स दुसरा क्लासवाला चोरेल. त्यांनी प्रत्येक पानामागं स्वतःचा मोठा फोटो घालायला लावला. मी म्हणाले, सर, कपाळ गणितावर येतंय. ते म्हणाले, येऊ द्या. पोरं महिनाभर सरांच्या भुवईत उत्तर शोधत होती.

एक जण निकालाची पीडीएफ घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "आपा, जरा इकडचं तिकडं करून द्या ना, दोनच आकडे हायत." मी म्हणाले, "हलत नाही." तो म्हणाला, "हलतं म्हणे." मी म्हणाले, "फाइल हलेल. मी हलत नाही." तो शिव्या देत गेला.

आता ज्या कामासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते.

निवृत्त झालेले एक प्राथमिक शिक्षक माझ्याकडे यायला लागले. भूकंपात जी गावं भुईसपाट झाली त्यातल्या एका गावचे. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या माणसांना अजून रोज एकमेकांची तोंडं बघत राहायचंय. गाव नव्या जागी वसवलं होतं. सरळ रस्ते, सारखी घरं, घरांना नंबर. गुरुजी म्हणायचे, नव्या गावात माणूस हरवत नाही आणि सापडतही नाही. त्यांनी जुन्या गावाचा नकाशा काढला होता, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांना कागद चिकटवून. मारुतीचं देऊळ, मशीद, आड, कुंभारगल्ली, वेस, वेशीबाहेर शाळा आणि शाळेचा लिंब. घराघरावर नाव. पुढच्या स्मृतिदिनाला गावाच्या सभागृहात तो मोठा छापून लावायचा होता. गुरुजींचं घर देवळामागं होतं. "इथं आमची ही गेली," असं ते एकदाच म्हणाले आणि लगेच पुढच्या घराचं नाव सांगायला लागले.

मी नकाशा कॉम्प्युटरवर उतरवला. गुरुजींनी घाई करून साधी फाइलच ग्रामपंचायतीत नेली आणि तिथल्या मशीनवर उघडली. नावं घसरली. दुसऱ्या दिवशी गुरुजी डोक्याला हात लावून दुकानात. "आपा, पाटलाचं घर आडात पडलं. अन् मौलानाचं देवळात गेलं. गावात बोंब झालीय, म्हणायलेत गुरुजीला म्हातारचळ लागला."

मी म्हणाले, "मौलानाला हरकत आहे का?"

"त्यो हसायलाय. पाटील भांडायलाय."

मी पीडीएफ करून दिली. आता सगळी घरं आपापल्या जागी गच्च बसली. गुरुजींनी चष्मा वर करून पुन्हा पुन्हा पाहिलं, सही करायला पेन काढला आणि सही कुठं करायची म्हणून पडद्याकडं बघत राहिले. मी म्हणाले, फोनवर अंगठा पाठवा, तीच सही. त्यांनी अंगठा पाठवला आणि पीडीएफ गावाच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती पुण्या-मुंबईपर्यंत गेली. गुरुजींना फोनवर फोन. ते दुकानात बसून प्रत्येकाला सांगायचे, "बग, बग, तुझं घर बग."

मोठा कागद छापायच्या आधी नांदेडहून एक बाई आली. पन्नाशीची असेल, रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला, नाव सुनंदा. एसटीनं थेट दुकानात. गुरुजी काउंटरपाशी बसलेले होते. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला.

"ओळखलं का गुरुजी? लक्ष्मणची पोरगी. तुमच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकले."

"अगं सुनंदा! किती मोठी झालीस! नकाशा बगितलास का?"

"बघितला. आईनंपण बघितला. दोन दिवस फोन डोळ्याला लावून बसलीय. बोटानं मोठं करायची, सरकवायची, परत मोठं करायची. शेवटी मला म्हणाली, गाव तर दिसायलंय ग, पर आपुन कुटं हाव?"

गुरुजींना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. सुनंदाचे लोक बौद्ध, त्यांची वस्ती वेशीबाहेर, शाळेला लागून. नकाशात ती नव्हती.

गुरुजी म्हणाले, "त्याचं असंय, नकाशा वेशीपर्यंतचा हाय. जुनं गावठाण जेवढं तेवढं."

"शाळा वेशीच्या आत होती का?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"शाळा हाय. लिंबसुद्धा हाय. लिंबाच्या खाली हे काय हाय?" तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. लिंबाच्या खाली एक नक्षीदार चौकट होती. तिच्यात "आमचे गाव" असं मोठ्या अक्षरात आणि खाली गुरुजींचं नाव. गुरुजींच्या मूळ कागदावरही ती तिथंच होती. "गुरुजी, ही चौकट आमच्या गल्लीवर हाय."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं. ते माझ्याकडं वळले. "पण आता तर पीडीएफ झाली. आपाच म्हणतात, हलत न्हाई. अंगठापण दिलाय मी."

रिवाजानं बघितलं तर ते बरोबर बोलत होते. अण्णा असते तर त्यांनी सही दाखवून चहा पाजला असता. मी म्हणाले, "पीडीएफ हलत नाही. पीठ माझ्याकडं आहे."

"जागा कुठंय पानावर?"

"सगळं गाव थोडं लहान करावं लागेल."

"नावं बारीक होतील. म्हाताऱ्या माणसांना वाचायची हायत."

सुनंदा म्हणाली, "होऊ द्या बारीक. सगळ्यांचीच होतील."

गुरुजींनी कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि लिंबापाशी टेकवली. पेन्सिल तिथंच थांबली. त्यांना त्या गल्लीतल्या प्रत्येक पोराचं नाव पाठ होतं, हजेरीच्या क्रमानं घडघड म्हणून दाखवलं असतं. कुणाचं घर कुठं, ते माहीत नव्हतं. सुनंदालाही नीट सांगता येईना, ती लहानपणीच बोर्डिंगला गेलेली. तिनं नांदेडला आईला फोन लावला आणि फोन काउंटरवर ठेवला.

"कोन, गुरुजी? बरं हाय न्हवं?" म्हातारीचा आवाज खणखणीत होता.

"बरं हाय, बाई. घरं सांगता का? मी काढून घेतो."

"लिंबापसनं धरा. लिंबाच्या अंगाला शेवंताचं. मंग आमचं. आमच्या म्होरं हौसाचं. हौसा तितंच गेली, लेकरू घेऊन. लिव्हलाव का?"

"लिव्हलो. हौसाचा भाऊ माझ्या वर्गात होता."

"व्हता की. त्याच्या मागं विहाराची जागा. बांधायची ठरली व्हती, दगड आनून टाकलते. ते दगडबी काडा."

गुरुजींनी दगड काढले. म्हातारी सांगत गेली, ते काढत गेले. मध्येच ती म्हणाली, "गुरुजी, तुमाला कसं ठावं न्हाई ओ ह्ये? इतकी वर्सं शाळंत व्हताव."

"शाळेत होतो, बाई."

"आमच्या गल्लीत कदी आल्तावच न्हाई."

"आल्तो. एकदा. पोरं शाळेत येईनात म्हणून बोलवायला."

"कुटवर आल्ताव?"

गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "लिंबापर्यंत."

फोनवर म्हातारी हसली. कडू हसली असं मी म्हणणार नाही, पण गोडही नव्हतं. "असूंद्या. आता या म्होरं. शेवंताच्या अन् आमच्या मदी बोळ सोडा, तेवडीच वाट व्हती नळाला जायाला."

"किती रुंद?" गुरुजींनी विचारलं.

"दोन घागरी घिऊन बाई जाईल यवडी."

गुरुजींनी खोडलं आणि तेवढी बोळ सोडली.

मी गाव लहान केलं, पान खाली वाढवलं, लिंबाच्या पलीकडं गल्ली बसवली. चौकट आता घरांवर येत होती. गुरुजी म्हणाले, "ती काढा, आपा."

"आणि तुमचं नाव?"

"माझं घर हाय की देवळामागं. तिथं नाव हायच."

ती पीडीएफ झाली. या वेळी गुरुजींनी अंगठा दिला नाही, फोन सुनंदाकडं सरकवला आणि म्हणाले, तू पाठव. सभागृहात नकाशा लागला. मी गेले नाही, गर्दीत मला जमत नाही. गुरुजींनी सांगितलं की पाटलानं खालच्या भागाकडं बघून तोंड वाकडं केलं. म्हातारी नांदेडहून आली होती. नातवानं तिला खुर्चीवर उभं करायची तयारी केली, पण तिची गल्ली खालीच होती, खुर्ची लागली नाही. तिनं बोळीवर बोट ठेवलं आणि तिथूनच नळापर्यंत नेलं. मग हौसाच्या घरावर ठेवलं, आणि ते मात्र बराच वेळ उचललं नाही.

गुरुजी आता नाहीत. दुकान माझी सून बघते, मी काउंटरवर बसून असते. पहिली पीडीएफ, चौकटवाली, ती काही परत आली नाही. ग्रुपवर सुटलेली वस्तू परत कशी येणार. कुणाच्या कुणाच्या फोनमध्ये ती अजून असते.

मागं त्याच गावचा एक मुलगा आला, पुण्याला चांगल्या नोकरीत असलेला. घरात फ्रेम लावायची म्हणून त्यानं मला फाइल पाठवली. मी बघितलं, तर चौकटवाली.

मी म्हणाले, "ही नको. गुरुजींनी शेवटी केली ती देते, माझ्याकडं आहे."

"ती बघितलीय मी. तिच्यात घरं बारीक दिसतात. हीच काढा, आपा. ही दिसायला भारी हाय."

"हिच्यात अर्धं गाव नाही."

"आमचं घर हाय ना."

मी आयुष्यात नवरदेवाच्या मामाशिवाय पत्रिका छापली, सरांच्या कपाळासकट गणित छापलं. गिऱ्हाइकानं मागितलं ते दिलं. त्याला म्हणाले, "ही मी छापत नाही."

त्यानं वाद घातला नाही, खांदे उडवले आणि शेजारच्या दुकानात गेला. आमच्या गल्लीत छपाईची दुकानं ओळीनं आहेत. थोड्या वेळानं तो कागदाची गुंडाळी घेऊन माझ्या दारावरून गेला. सून म्हणाली, अम्मी, गिऱ्हाईक गेलं. गेलं. आणि नकाशाही अगदी स्वच्छ निघाला असणार, एक रेघ न हलता. पीडीएफच ती, कुठंही तशीच निघते.